आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एक माणूस नेमा : मुंबईतल्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि व्यवस्थापन मंडळांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत एक मुलगी उभी होती. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. बाहेर धो धो पाऊस होता. तिच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं आणि ते ओढणीखाली धरून तिनं कोरडं ठेवलं होतं. बाकी ती सगळी भिजली होती. नंबर आला तसं तिनं मागच्या मुलाला पुढे सोडलं. मग त्याच्या मागच्यालाही. खिडकी बंद करायची वेळ झाली तेव्हा मीच विचारलं, "काय काम होतं गं?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम. उद्या येते."

हा "काही नाही" मला चांगला ओळखीचा आहे. मी खिडकी बंद करून बाहेर आले, तिला बाकावर बसवलं आणि फोल्डर उघडायला लावलं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, जात पडताळणीच्या अर्जाची पोच, आधारची प्रत, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. एकही कागद कमी नव्हता. खिडकीपाशी बोलायचं काय, हेच तिला माहीत नव्हतं. चुकीचं विचारलं तर चारचौघांत ओरडतील, ही भीती होती. ती विक्रमगड तालुक्यातली. वसतिगृहाची यादी लागली नव्हती म्हणून नालासोपाऱ्याला लांबच्या नात्यातल्या एका घरी सात माणसांत आठवी म्हणून राहत होती. तिच्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही.

त्या दिवशी घरी जाताना ठरवलं की हे पत्र लिहायचं. माझ्या महाविद्यालयाचं नाव त्यात घेत नाही. कारण मी जे सांगणार आहे ते एका महाविद्यालयाचं गाऱ्हाणं नाही, आणि माझी मागणी तुम्हा सगळ्यांकडे आहे. मागणी एकच : आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तुमच्या महाविद्यालयात एक माणूस नेमा. पूर्णवेळ. ज्याचं नाव, टेबल आणि फोन नंबर मुलांना पहिल्या दिवशी कळेल, आणि जो मुलं येण्याची वाट न बघता स्वतः त्यांच्याकडे जाईल.

समिती असते, हे मला ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला सांगितलं. बहुतेक ठिकाणी फलक आहे. फलकावर एका प्राध्यापकांचं नाव आहे, ज्यांच्याकडे आधीच परीक्षा विभाग, एन.एस.एस. आणि नॅकच्या फायली आहेत. ती माणसं वाईट नाहीत. त्यातल्या दोघा-तिघांना मी जवळून ओळखते, फार चांगली आहेत. पण अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेलं काम दिवसाच्या शेवटी उरलेल्या वेळात होतं, आणि तोवर आमची मुलं गाडी पकडून गेलेली असतात.

हे मी खिडकीच्या आतून सांगते आहे. आता बाहेरून सांगते.

मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातली, कोकणा जमातीची. २००७ साली बी.ए. करायला मुंबईत आले. खोडाळ्याहून जीपनं कसारा, कसाऱ्याहून लोकल. बाबा मला सोडायला आले होते. दादरला उतरल्यावर त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की मनगटावर बोटं उमटली. बाबा कधी शाळेत गेलेले नाहीत. प्रवेश झाला आणि मी आठ दिवसांनी परत गावी गेले, कारण आवणी, म्हणजे भातलावणी, होती. आमच्याकडे जुलैत भाताची आवणी असते, त्या वेळी घरातला एकही हात कमी पडून चालत नाही. परत आले तोवर तास सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि माझं नाव डिफॉल्टरच्या, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत लागलं होतं. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दर वर्षी जुलैत किती मुलांच्या बाबतीत हेच होत असेल! शहरातल्या प्रवेशाच्या फेऱ्या आणि आमची आवणी एकाच महिन्यात येतात, हे माहीत असलेला एक माणूस कॉलेजात असता तरी पुरलं असतं.

अर्थशास्त्र मी मराठीत शिकले होते. वर्गात सगळं इंग्रजीत. आमची 'सीमान्त उपयोगिता' म्हणजेच मॅडमची 'मार्जिनल युटिलिटी' हे कळायला ऑक्टोबर उजाडला. ज्या गोष्टीवर बारावीत मी पूर्ण गुण मिळवले होते, तीच समोर फळ्यावर होती आणि मला वाटत होतं आपण मठ्ठ आहोत. लक्षात घ्या, मराठीसुद्धा माझी पहिली भाषा नाही. घरी आम्ही कोकणा बोलतो, मराठी शाळेत आल्यावर शिकलो, आणि मुंबईत आल्यावर तिसऱ्या भाषेत परीक्षा दिली. वारली, कातकरी, ठाकूर, सगळ्यांचं थोड्याफार फरकानं हेच.

मग फीची खिडकी. तिथे पूर्ण फी मागितली. माझ्याकडे दीड हजार होते. "उद्या या." मी उद्या गेले, परवा गेले, चौथ्या दिवशी जायचं बंद केलं. परीक्षेचा अर्ज फी भरल्याशिवाय घेत नव्हते. शेवटची तारीख गेली आणि माझी पहिली परीक्षा हुकली.

मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर बसायचे. डब्यात नागलीची भाकरी असायची; ती काळपट दिसते, म्हणून मी डबा चारचौघींत उघडत नव्हते. ग्रंथालयात पुस्तकं लावणारे एक काका होते, मुरबाडकडचे ठाकूर. पंधरा-वीस दिवस त्यांनी मला नुसतं पाहिलं असेल. एक दिवस येऊन विचारलं, "जेवलीस का गं?" बस, एवढंच. मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा हात धरून मला कार्यालयात नेलं आणि त्या खिडकीवर सांगितलं, "साहेब, ही स्कॉलरशिपवाली आहे. हिच्याकडून फी घ्यायची नसते." दहा मिनिटांत काम झालं. ज्या कामानं माझं अर्धं वर्ष खाल्लं होतं, ते दहा मिनिटांचं होतं. पुढची तीन वर्षं मी त्या काकांच्या जिवावर शिकले. त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. सतरा-अठरा वर्षं झाली, पण माझ्या मागणीत जो 'माणूस' आहे तो म्हणजे हे काका. त्यांना पगार आणि अधिकार देऊन नेमा, इतकंच माझं म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सरकारच्या एवढ्या योजना आहेत. आहेत, आणि मी त्यांच्यावरच काम करते, म्हणून त्या कशा चालतात ते सांगते. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कागदावर चांगली योजना आहे आणि तिनं पुष्कळ मुलं तगवली आहेत, हे मान्य करायलाच हवं. पण राहण्याचे वीस हजार म्हणजे महिन्याला सतराशे रुपयेही नाहीत. सतराशेत मुंबईत खाटही मिळत नाही. आणि पैसे पडतात ते हप्त्यानं, बहुतेक वेळा उशिरा. जूनपासून पोट मात्र रोज असतं.

अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. मुलगी भरते, मग तो माझ्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाच्या. कुठेही एक कागद अस्पष्ट दिसला की अर्ज मागे येतो, त्याचा मेसेज जातो तो अर्जात दिलेल्या नंबरवर. तो नंबर बऱ्याचदा गावातल्या भावाचा किंवा शेजाऱ्याचा असतो, आणि पाड्यावर रेंज टेकडीवर गेल्यावर येते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे असं मुलगी शपथेवर सांगते आणि ते खरंही असतं, पण सरकारी पैसे कुठल्या खात्यात जायचे याची नोंद, म्हणजे मॅपिंग, दुसऱ्याच बँकेत झालेली असते. शाळेत असताना उघडलेलं एखादं जुनं खातं, जे तिच्या लक्षातही नाही. हे शोधून काढायला मला एका मुलीमागे कधी कधी आठवडा लागतो. उत्पन्नाचा दाखला मुदतीतला लागतो आणि तो तहसीलदारांकडून आणायचा. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर गेलेले असतात, भिवंडी-वसईकडे. आई-बाप भट्टीवर, मुलगी मुंबईत, तहसील कचेरी गावाकडे. या तिघांना एका तारखेला एका ठिकाणी आणायचं कुणी?

वसतिगृहातल्या मुलांचं सांगते. २०१८ साली शहरी वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. पेपरात एक-दोन दिवस बातमी आली. मुलांचं म्हणणं साधं होतं : ताट द्या. खात्यात पैसे येईपर्यंत उसनं घेऊन जेवायचं, आणि आले की घरून फोन येतो, धाकट्याला ताप आहे. कुठली मुलगी नाही म्हणेल?

आणि सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे व्हॅलिडिटी, जात पडताळणीचं प्रमाणपत्र. मी पडताळणीच्या विरोधात नाही. खोट्या दाखल्यांवर आमच्या जागा किती वर्षं गेल्या ते आम्हीच भोगलं आहे, पडताळणी हवीच. पण ती कशी होते ते एकदा जवळून बघा. माझ्या वेळी आजोबांचा पुरावा हवा होता. आमच्या घरात शाळेचा दाखला असलेली मी पहिली. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ चं, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं, जुनं कोतवाल बुक निघालं, त्यात आजोबांच्या एका भावंडाच्या मृत्यूची नोंद मोडीत होती. मोडी वाचणारा माणूस शोधला, त्याची सही-शिक्क्याची प्रत केली. मग पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी आलं आणि आजीला विचारू लागलं, तुमचा देव कोणता, लग्नात काय करता, माणूस गेल्यावर काय करता. आजी घाबरून गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून माझं आदिवासीपण संशयात आलं! मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की रीतिरिवाजांवरून घेतलेली ही ॲफिनिटीची चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. चांगलं झालं. पण अठरा वर्षांच्या मुलीला हा निकाल कोण सांगणार? तिच्या फायलीवर तो लावायचा असतो हे कोण सांगणार? वकील करायची कुणाची ऐपत नाही.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की अशी मुलं आमच्याकडे असतात किती. राज्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासी लोकसंख्या एक कोटीच्या वर, नऊ टक्क्यांहून अधिक. आणि मुंबई विद्यापीठाचं कार्यक्षेत्र फक्त चर्चगेट ते बोरिवली नाही. पालघर, ठाणे, रायगड हे जिल्हे त्यात येतात. जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू, शहापूर, मुरबाड, कर्जत त्यात येतात. जव्हार-मोखाड्यात दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. त्याहून जवळ सांगते : आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले पाडे या शहराच्या हद्दीतच आहेत, शहराच्या आधीपासून आहेत. आम्ही या विद्यापीठाचे पाहुणे नाही. तुमच्याकडे मुलं कमी दिसत असतील तर पहिल्या वर्षाला किती नावं होती आणि तिसऱ्याला किती उरली, हे आपल्याच रजिस्टरवरून काढून बघा. एका दुपारचं काम आहे. मी आमच्याकडचं काढलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

वर्गात काय होतं तेही सांगायला हवं, कारण ते कुठल्या अर्जात येत नाही. १९९२ साली वावर-वांगणीत बालमृत्यू झाले तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटलं की लोकांना कुपोषण आठवतं. मला वर्गातल्या एका मुलीनं खरोखर काळजीनं विचारलं होतं, "तुमच्याकडे अजून मुलं भुकेनं मरतात का?" तिच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर मी गावाचं नाव सांगायचं सोडून दिलं, 'नाशिककडची' म्हणू लागले. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलाला महोत्सवासाठी भिंतीवर वारली चित्रं काढायला बोलावलं, तू आदिवासी आहेस ना म्हणून. तो मल्हार कोळी जमातीचा. त्याला चित्र येत नव्हतं. वारल्यांमध्येही चौक, म्हणजे लग्नातलं भिंतीवरचं चित्र, मुळात सवाशिणी लिहायच्या. तो चार दिवस कॉलेजला आला नाही. "कोट्यातून आलास ना" हे वाक्य तर प्रत्येकानं ऐकलेलं आहे, काहींनी शिक्षकांच्या तोंडून.

२२ मे २०१९ ला याच मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तडवी भिल्ल समाजातली मुलगी, एम.बी.बी.एस. होऊन पदव्युत्तर शिक्षणाला आलेली. जातीवरून होणाऱ्या छळामुळे तिनं जीव दिला असा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील, मी त्यावर बोलणार नाही. मला फक्त एवढंच छळतं की आमच्या समाजातून इतक्या वर पोचलेल्या मुलीला त्या इमारतीत रात्री दार ठोठावता येईल असं एखादं दार होतं का. तुमच्या इमारतीत आहे का?

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या आवारात १९८८ सालापासून माओरी लोकांचं मराए आहे, म्हणजे त्यांचं सभाघर आणि त्यापुढचं अंगण. नव्या विद्यार्थ्यांचं तिथे माओरी रिवाजाप्रमाणे स्वागत होतं. त्याबद्दल वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते चित्र बघत बसले होते. विद्यापीठाच्या मधोमध, आपल्या घरासारखं दिसणारं घर! आमच्यासाठी कुणी घर बांधा म्हणत नाही. एक टेबल आणि त्यामागे बसणारा एक माणूस.

हा माणूस शक्यतो आमच्यातला असावा, निदान आमच्या बोलीतलं त्याला समजावं. प्रवेशाची यादी लागल्यावर त्यानं प्रत्येक आदिवासी मुलाला फोन करावा, पाहिजे तर शेजाऱ्याच्या नंबरवर, पाहिजे तर तीनदा. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत; त्या फीच्या खिडकीवर पाळल्या जातात का, हे त्यानं स्वतः तिथे उभं राहून बघावं. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत मुलं कुठे झोपतात हे त्याला माहीत असावं. जुलैत कोण आवणीला गेलंय ते त्यानं हजेरी घेणाऱ्यांना कळवावं आणि त्या मुलाचं नाव डिफॉल्टरच्या यादीत लावण्याआधी त्याला विचारलं जावं. पहिले दोन महिने संध्याकाळी मराठी-इंग्रजी संज्ञांचा वर्ग घ्यावा. वरच्या वर्गातली आमचीच मुलं तो घेतील, त्यांना थोडं मानधन द्या. आणि मुलाला कुणी काही बोललं तर त्याला थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाता यावं, मध्ये कुणाची परवानगी न घेता. हे शेवटचं नसेल तर बाकीचं करून उपयोग नाही.

पैशांचं विचाराल, तर एका माणसाचा पगार एवढाच खर्च आहे. महोत्सवाचं बजेट माझ्याच टेबलावरून टाइप होऊन जातं, म्हणून मला अंदाज आहे. लहान महाविद्यालयांना एकट्यानं झेपत नसेल तर शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एक नेमावा. "आम्ही सगळ्या विद्यार्थ्यांना सारखंच वागवतो" असं म्हणणाऱ्या सरांना मी आदरानं विचारते : त्या दिवशी माझी खिडकीसुद्धा सगळ्यांना सारखीच उघडी होती. मग ती मुलगी मागे का सरकत राहिली?

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. त्याआधी नेमणूक व्हावी. ज्या महाविद्यालयानं माणूस नेमला, तिथे शनिवारी दुपारी दोननंतर मी स्वतः येईन आणि पोर्टल, मॅपिंग, पडताळणीची फाइल, सगळं त्याला बसून शिकवीन. मला त्याचे पैसे नकोत.

त्या मुलीची शिष्यवृत्ती मार्चमध्ये जमा झाली. ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि आता रांगेत कुणाला पुढे सोडत नाही. तिच्याच गावाहून तिच्याबरोबर आणखी एक मुलगी आली होती, दुसऱ्या शाखेत. ती माझ्या खिडकीवर कधी आलीच नाही. सप्टेंबरपासून तिचा फोन बंद आहे. तिचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला आमच्या कपाटात आहे, अजून तो न्यायलाही कुणी आलेलं नाही.

आपली नम्र,
मोखाडा तालुक्यातली एक माजी विद्यार्थिनी